पायथन-२ ची अखेर : जुन्या आवृत्तीचा आधार काढून घेण्याच्या निर्णयाचा इतिहास (२००८–२०२०)

१. प्रश्नाचे स्वरूप

संगणकाची आज्ञावली एकदा लिहून हातावेगळी झाली म्हणजे कर्त्याची जबाबदारी संपली, असा सर्वसाधारण समज आढळतो. वस्तुतः आज्ञावली वापरात आली म्हणजे तिच्या संगोपनाचे काम सुरू होते. आढळतील ते दोष दुरुस्त करणे, सुरक्षिततेतील छिद्रे बुजविणे, नव्या यंत्रांवर व नव्या प्रणालींवर ती नीट चालते की नाही हे तपासून पाहणे, ही कामे वर्षानुवर्षे चालू राहतात. दरम्यान नवी आवृत्ती निघते. परंतु जुनी आवृत्ती वापरणारे लोक एका दिवसात नाहीसे होत नाहीत. अशा वेळी कर्त्यांना दोन्ही आवृत्त्या सांभाळाव्या लागतात, आणि प्रत्येक नवी सुधारणा जुन्या आवृत्तीशी जुळवून पाहावी लागते. हा भार कोठवर वाहावयाचा, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

आधार लवकर काढून घेतला तर जे लोक त्या आज्ञावलीवर विसंबून आहेत ते उघड्यावर पडतात. उशिरा काढून घेतला तर कर्त्यांची शक्ती जुन्यात खर्ची पडून नव्याची वाढ खुंटते. मुक्त आज्ञावलींच्या बाबतीत हे कर्ते पुष्कळदा विनावेतन काम करणारे स्वयंसेवक असल्यामुळे प्रश्नाला एक नैतिक बाजूही येते. या दृष्टीने 'पायथन' या संगणकभाषेच्या दुसऱ्या पिढीचा अस्त विशेष अभ्यसनीय आहे. एक तर त्या निर्णयाविषयीची चर्चा जवळजवळ सर्वस्वी उघडपणे झाली. दुसरे असे की, आधार काढून घेण्याची पहिली मुदत पाळली गेली नाही व दुसरी पाळली गेली. या दोन मुदतींच्या दरम्यान नेमके काय बदलले, याचा शोध घेतल्यास मूळ प्रश्नावर पुष्कळसा प्रकाश पडतो.

२. पूर्वपीठिका

ग्वीडो व्हान रॉसम यांनी अ‍ॅम्स्टरडॅम येथील गणित व संगणनविद्येच्या राष्ट्रीय संशोधनसंस्थेत काम करीत असताना १९८९ च्या अखेरीस पायथनची रचना आरंभिली. तिचे पहिले प्रकाशन फेब्रुवारी १९९१ मध्ये झाले व ऑक्टोबर २००० मध्ये २.० ही आवृत्ती निघाली. पुढील काही वर्षांत विद्यापीठांतील गणनकार्यापासून व्यापारी संकेतस्थळांपर्यंत या भाषेचा प्रसार झाला. प्रसाराबरोबर तिच्या मूळ रचनेतील काही उणिवाही अधिकाधिक जाचक होऊ लागल्या.

त्यांपैकी सर्वांत महत्त्वाची उणीव मजकुराच्या हाताळणीविषयी होती. पायथन-२ मधील सामान्य अक्षरमाला ही वस्तुतः बाइटांची माला असे. २.० पासून युनिकोड मजकुरासाठी निराळा प्रकार उपलब्ध झाला, तरी जुना प्रकार तसाच राहिला, आणि दोन्ही एकत्र आले असता यंत्र बाइटमाला ही 'आस्की' संकेतातील आहे असे गृहीत धरून तिचे रूपांतर करू पाही. इंग्रजी मजकुरापुरते हे गृहीतक खरे ठरे. देवनागरी, अरबी अथवा चिनी मजकूर येताच आज्ञावली अडून पडे. 'मराठी' हा शब्द या संदर्भात उद्बोधक आहे. युनिकोडप्रमाणे त्यात म, र, काना, ठ व दीर्घ वेलांटी अशी पाच संकेतचिन्हे येतात, आणि यूटीएफ-८ या पद्धतीने ती साठविली असता पंधरा बाइट लागतात. हा शब्द यूटीएफ-८ मध्ये लिहून त्याची लांबी विचारली असता पायथन-२ ची सामान्य अक्षरमाला पंधरा असे उत्तर देई. पायथन-३ पाच असे देते. मराठी वाचकाच्या हिशेबाने अक्षरे तीनच आहेत. तेव्हा पायथन-३ मुळेही हा प्रश्न संपूर्ण सुटला असे म्हणता येत नाही. परंतु मजकूर आणि बाइट या दोन भिन्न वस्तू आहेत, हे तत्त्व मात्र तीत प्रथमच काटेकोरपणे अमलात आले.

दुसरी उणीव भागाकाराची. पायथन-२ मध्ये सातास दोनांनी भागले असता तीन हे उत्तर मिळे, कारण पूर्णांकाचा भागाकार पूर्णांकच राहावा असा नियम होता. पायथन-३ मध्ये साडेतीन मिळतात. लेखनपद्धतीतील बदल यंत्राच्या तत्काळ लक्षात येतो. परंतु भागाकाराचा हा बदल कसलीही तक्रार न करता उत्तर बदलतो. म्हणून यासंबंधीची तरतूद २००१ पासूनच, पायथन २.२ मध्ये, ऐच्छिक स्वरूपात करून ठेवण्यात आली होती.

३. पहिली मुदत व तिचे अपयश

या उणिवा जुन्या आज्ञावल्या न मोडता दूर करणे शक्य नव्हते. यास्तव एकदाच हेतुपुरस्सर खंड पाडावा, असा निर्णय झाला आणि ३ डिसेंबर २००८ रोजी पायथन ३.० प्रसिद्ध झाली. तिच्या दोनच महिने आधी २.६ ही आवृत्ती निघाली होती. ३ जुलै २०१० रोजी २.७ निघाली. दुसऱ्या पिढीची हीच शेवटची शाखा राहील, हे स्पष्ट करण्यासाठी २०११ मध्ये बॅरी वॉर्सॉ यांनी ४०४ क्रमांकाचा प्रस्ताव लिहिला. २.८ ही आवृत्ती कधीच निघणार नाही, एवढेच त्यात सांगितले होते. संगणकजालावर न सापडणाऱ्या पानाचा संकेतांकही ४०४ हाच असल्यामुळे क्रमांकाची निवड विनोदाने केलेली होती. आशय मात्र गंभीर होता. २.७ ला पाच वर्षे, म्हणजे २०१५ पर्यंत, आधार द्यावा असे ठरले. पायथनच्या पूर्वीच्या शाखांना मिळालेल्या अवधीशी तुलना करता ही सवलत उदार होती.

असे असूनही २०१३ च्या सुमारास बहुसंख्य वापर पायथन-२ चाच होता. लोकांचा आळस किंवा जुन्याचा मोह एवढ्यानेच याचा उलगडा होत नाही. एखादी आज्ञावली अनेक लायब्रऱ्यांवर उभी असते व त्या लायब्रऱ्या आणखी दुसऱ्यांवर. साखळीतील एक दुवा जरी पायथन-३ वर चालत नसेल, तरी वरच्या सर्वांना थांबणे भाग पडते. संख्यागणनाची 'नम्पाय' ही लायब्ररी २०१० मध्ये, १.५ या आवृत्तीपासून, पायथन-३ वर चालू लागली. संकेतस्थळरचनेच्या 'जँगो' या साधनात प्रायोगिक स्वरूपाची सोय फेब्रुवारी २०१३ मध्ये झाली, आणि ती प्रत्यक्ष वापरास योग्य म्हणून त्याच वर्षाच्या अखेरीस जाहीर झाली. तेव्हा जँगोवर विसंबलेल्या संस्थेला पहिल्या पाच वर्षांत स्थलांतर करणे इच्छा असूनही दुर्घट होते.

दुसरे कारण मध्यवर्ती मंडळींच्या मूळ योजनेत होते. लेखकाने आपली आज्ञावली पायथन-२ मध्येच ठेवावी आणि 'टू-टु-थ्री' नावाच्या रूपांतरसाधनाने तिचे पायथन-३ मध्ये यांत्रिक रूपांतर करावे, अशी ती योजना होती. लायब्ररीच्या कर्त्यांना हा मार्ग गैरसोयीचा वाटला. दोन्ही पिढ्यांवर चालेल असा एकच मजकूर लिहावा, याकडे त्यांचा कल होता. आणि नेमके त्यालाच पायथन-३ ने काही अडथळे निर्माण केले होते. पायथन-२ मध्ये युनिकोड अक्षरमालेच्या आधी 'यू' हे अक्षर लिहीत. पायथन-३ मध्ये ते अनावश्यक म्हणून काढून टाकले गेले होते व लिहिल्यास दोष दाखविला जाई. आर्मिन रोनाखर यांच्या प्रस्तावानुसार सप्टेंबर २०१२ च्या ३.३ या आवृत्तीत ते पुन्हा चालवून घेतले जाऊ लागले. बेंजामिन पीटरसन यांनी दोन्ही पिढ्यांतील भेद झाकणारी 'सिक्स' ही छोटी लायब्ररी लिहिली. दोन गुणिले तीन म्हणजे सहा, यावरून तिचे नाव पडले. बाइटमालेत मूल्ये भरण्याची जुनी सोयही सप्टेंबर २०१५ मध्ये, ३.५ या आवृत्तीत, परत आणली गेली. जालावरील संदेशवहन व फाइली यांच्याशी संबंधित आज्ञावल्यांना तिची गरज होती.

या घटनांचा अर्थ ध्यानात घेणे अगत्याचे आहे. नव्या आवृत्तीने जुन्याच्या दिशेने काही पावले मागे घेतली, तेव्हाच स्थलांतराला खरी गती आली. आधार केव्हा काढावा हा प्रश्न तोवर केवळ मुदतीचा समजला जात होता. पलीकडे जाण्याचा रस्ता तयार आहे काय, हा त्याच्या आधीचा प्रश्न होता, आणि २०१२ पर्यंत त्याचे उत्तर नकारार्थी होते.

४. मुदतवाढ (२०१४)

एप्रिल २०१४ मध्ये माँट्रिऑल येथे भरलेल्या वार्षिक परिषदेच्या वेळी २.७ च्या आधाराची मुदत २०१५ वरून २०२० वर नेल्याचे जाहीर झाले. शाखेची स्थिती निःसंदिग्ध करावी आणि ज्यांना इतक्यात स्थलांतर करणे शक्य नाही त्यांची चिंता दूर करावी, असे कारण देण्यात आले. त्याच वर्षी जूनमध्ये 'रेड हॅट' या कंपनीने आपल्या लिनक्स-प्रणालीची सातवी आवृत्ती पायथन २.७ सह प्रसिद्ध केली व तिला दीर्घ मुदतीचा आधार देऊ केला. तो जून २०२४ पर्यंत चालला. म्हणजे स्वयंसेवकांनी २०१५ मध्ये हात काढून घेतला असता, तरी मोठ्या संस्थांत २.७ चा वापर चालूच राहिला असता, ही वस्तुस्थिती होती.

मुदतवाढीवर दोन परस्परविरुद्ध मते व्यक्त झाली. एका पक्षाचे म्हणणे असे की, मुदत एकदा वाढविली की ती पुन्हा वाढेल अशी अपेक्षा निर्माण होते आणि वेळेवर स्थलांतर करणाऱ्यांचे कष्ट व्यर्थ ठरतात. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, जी मुदत कोणी पाळणार नाही तिला अर्थ नसतो. उलट लांबची पण पक्की तारीख दिल्यास संस्थांना मनुष्यबळ व खर्च यांचे नियोजन करता येते. दोन्ही मतांत तथ्य आहे. मुदतवाढीबरोबर आणखीही एक ओझे आले. २.७ मध्ये नवी वैशिष्ट्ये घालावयाची नाहीत असा दंडक होता; परंतु जालावरील गुप्त संदेशवहनाची तिच्यातील साधने इतकी जुनी झाली होती, की ती तशीच ठेवणे धोक्याचे ठरले. म्हणून ४६६ व ४७६ या प्रस्तावांन्वये दंडकाला अपवाद करण्यात आला, आणि डिसेंबर २०१४ च्या २.७.९ या आवृत्तीत पायथन-३ मधील सुधारणा मागे आणून बसविण्यात आल्या. जुनी आवृत्ती 'आहे तशी' चालू ठेवणे ही कल्पना भ्रामक असते, याचे हे उदाहरण होय. भोवतालचे जग बदलत असताना एखादी आज्ञावली केवळ जागच्या जागी ठेवण्यासही श्रम पडतात.

५. परिघावरील निर्णय (२०१६–२०१९)

दुसरी मुदत पाळली गेली याचे मुख्य कारण ती केंद्राने पुन्हा जाहीर केली हे नव्हे. या खेपेस लायब्रऱ्यांच्या कर्त्यांनी आपापल्या तारखा स्वतः जाहीर केल्या. 'आयपायथन' या संशोधकांत लोकप्रिय असलेल्या साधनाने एप्रिल २०१७ मध्ये, ६.० या आवृत्तीपासून, पायथन-२ चा आधार सोडला. मात्र ५ ही शाखा दीर्घकाळ दुरुस्त करीत राहण्याचे वचन दिले. नम्पायने नोव्हेंबर २०१७ मध्ये आपली योजना प्रसिद्ध केली : ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत निघणाऱ्या आवृत्त्या दोन्ही पिढ्यांवर चालतील, त्यानंतरची नवी वैशिष्ट्ये केवळ पायथन-३ वर मिळतील. त्यानुसार १.१६ ही २.७ वर चालणारी शेवटची शाखा ठरली. डिसेंबर २०१७ मधील जँगो २.० नेही पायथन-२ वगळली, तथापि १.११ या शाखेला एप्रिल २०२० पर्यंत आधार होता. अनेक प्रकल्पांनी मिळून एका संयुक्त निवेदनाद्वारे, २०२० च्या पुढे आपण पायथन-२ ला आधार देणार नाही, असे जाहीर केले.

या सामुदायिक घोषणेचे महत्त्व उघड आहे. एखाद्या लायब्ररीने एकटीने आधार सोडला तर तिचे वापरकर्ते प्रतिस्पर्धी लायब्ररीकडे जाण्याचा संभव असतो. म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहत राहतो. सर्वांनी एकच तारीख धरली म्हणजे ही अडचण उरत नाही.

हे घडून येण्यास एक तांत्रिक सुधारणाही कारणीभूत झाली. नोव्हेंबर २०१६ मध्ये 'पिप' या स्थापनसाधनाची ९.० ही आवृत्ती निघाली. आपणास पायथनची कोणती आवृत्ती लागते, ही माहिती लायब्ररीने सोबत दिली असल्यास पिप ती पाळू लागले. तत्पूर्वी पायथन-२ वापरणाऱ्याने एखादी लायब्ररी मागितली की, सर्वांत नवी आवृत्ती त्याच्या माथी येई, मग ती त्याच्या यंत्रावर चालो वा न चालो. ९.० पासून त्यास चालू शकणारी अखेरची आवृत्ती आपोआप मिळू लागली. पुढील सुधारणा न देणे ही एक गोष्ट, आणि चालू असलेले काम मोडणे ही दुसरी. या दोहोंतील भेद पूर्वी केवळ बोलण्यात होता. या सुधारणेने तो व्यवहारात आणला, आणि कर्त्यांच्या मनावरील संकोच पुष्कळ कमी झाला.

६. अस्त आणि अवशेष

मार्च २०१८ मध्ये व्हान रॉसम यांनी तारखेविषयीची उरलीसुरली संदिग्धता दूर केली : १ जानेवारी २०२० नंतर सुरक्षिततेच्या दुरुस्त्याही होणार नाहीत. त्याप्रमाणे काम थांबले, आणि आधीच्या कामाचा समारोप म्हणून २० एप्रिल २०२० रोजी २.७.१८ ही अखेरची आवृत्ती निघाली. त्याच महिन्यातील उबुंटू २०.०४ मध्ये पायथन-२ मूळ स्थापनेत नव्हती. ई-पुस्तकांच्या 'कॅलिबर' या आज्ञावलीने सप्टेंबर २०२० मध्ये, ५.० या आवृत्तीत, स्थलांतर पुरे केले. जानेवारी २०२१ मध्ये पिपनेही आधार सोडला. अ‍ॅपल कंपनीने मार्च २०२२ मध्ये आपल्या प्रणालीतून २.७ काढून टाकली.

या अस्ताची तुलना विंडोज एक्सपीच्या अस्ताशी करणे उपयुक्त ठरेल. मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीचा आधार थांबविला. परंतु मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर आज्ञावलीचा उपद्रव जगभर पसरताच कंपनीला एक्सपीसाठी खास दुरुस्ती सर्वांना मोफत द्यावी लागली. एक्सपीचा मूळ मजकूर कंपनीच्याच ताब्यात असल्यामुळे ते काम दुसरे कोणी करू शकले नसते. पायथन-२ चा मजकूर सर्वांस खुला होता. रेड हॅटने आपल्या ग्राहकांसाठी त्याची निगा चालू ठेवली, आणि पायथनचीच निराळी घडण असलेल्या 'पायपाय' या प्रकल्पाने आपली अंतर्गत गरज म्हणून २.७ ची भाषा सोडली नाही. मुक्त आज्ञावलीत कर्त्याने आधार काढणे म्हणजे तिचा मृत्यू नव्हे. ज्याला ती हवी आहे त्याच्याकडे तिच्या निगेचा खर्च जातो, इतकेच.

७. प्रसंगाकडून नियमाकडे

या अनुभवानंतर पायथनच्या परिसरात निर्णयाची पद्धतच बदलली. २०१९ मध्ये स्वीकृत झालेल्या ६०२ क्रमांकाच्या प्रस्तावाने दर वर्षी ऑक्टोबरात नवी आवृत्ती काढण्याचा परिपाठ घातला आणि प्रत्येकीचा आयुष्यकाल सुमारे पाच वर्षे ठरविला. ऑक्टोबर २०२० च्या ३.९ ची अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये होणार, हे तिच्या जन्मापासून सर्वांस ठाऊक होते. त्याच वर्षी नम्पायच्या पुढाकाराने शास्त्रीय लायब्रऱ्यांसाठी असा नियम सुचविला गेला की, गेल्या ४२ महिन्यांत निघालेल्या पायथन-आवृत्त्यांनाच आधार द्यावा. पुढे 'स्पेक-०' या सामायिक शिफारशीने ही मर्यादा तीन वर्षांवर आणली व आधारभूत लायब्रऱ्यांच्या जुन्या आवृत्त्यांसाठी दोन वर्षे ठरविली.

या नियमांत वापरकर्त्यांची संख्या हा निकष ठेवलेला नाही, ही बाब लक्षणीय आहे. जुन्या आवृत्तीचे किती लोक उरले हे पाहून निर्णय घ्यावा, हे वरवर न्याय्य दिसते. तथापि तशी गणना विश्वसनीयपणे करता येत नाही. लायब्ररी किती वेळा उतरवून घेतली गेली याचे आकडे मिळतात. परंतु त्यांत रोज आपोआप चालणाऱ्या तपासणीयंत्रांचा वाटा मोठा असतो, आणि एका संस्थेचे एक विसरलेले यंत्र शेकडो माणसांइतके दिसू शकते. शिवाय जोवर आधार आहे तोवर जाण्याचे निकडीचे कारण नाही, आणि जोवर लोक आहेत तोवर आधार सोडता येत नाही, असे चक्र त्यातून निर्माण होते. कालगणनेचा नियम हे चक्र तोडतो. त्याच्या कोरडेपणातच त्याचा गुण आहे : प्रत्येक वेळी वाद करावा लागत नाही, आणि कोणास आश्चर्याचा धक्का बसत नाही.

८. उपसंहार

वरील इतिहासावरून तीन गोष्टी सिद्ध होतात. पहिली, मुदत पाळली जाण्यासाठी पलीकडे जाण्याचा मार्ग तिच्या आधी तयार असावा लागतो. २०१५ ची मुदत या कसोटीस उतरली नाही. दुसरी, निर्णय केंद्राने जाहीर केला तरी तो अमलात येतो परिघावर, आणि परिघावरील सर्वांनी एकच तारीख धरली तरच येतो. तिसरी, जुन्या वापरकर्त्याला अखेरची चालणारी आवृत्ती हाती ठेवता आली, तर आधार काढून घेण्यातील कठोरपणा पुष्कळ कमी होतो.

एक प्रश्न मात्र या नियमांच्या कक्षेबाहेर राहतो, आणि विद्यापीठांच्या दृष्टीने तोच जिव्हाळ्याचा आहे. २०२० पूर्वीच्या अनेक प्रबंधांतील व शोधनिबंधांतील आकडे पायथन-२ वर काढलेले आहेत. त्यांच्या आज्ञावल्या सांभाळणारा विद्यार्थी पदवी घेऊन गेला आहे. स्थलांतरासाठी अनुदान नाही. भागाकाराच्या बदललेल्या नियमामुळे अशी एखादी आज्ञावली आज न अडता चालली, तरी मूळ उत्तरच देईल याची शाश्वती नाही. तीन किंवा पाच वर्षांचा नियम चालू प्रकल्पांना सोयीचा आहे. पण संशोधनाचा निष्कर्ष पंधरा-वीस वर्षांनीही पडताळून पाहता यावा अशी अपेक्षा असते. भाषेच्या कर्त्यांनी हा भार अनंतकाल वाहावा, असे म्हणणे न्याय्य होणार नाही. तेव्हा प्रत्येक गणनेसोबत भाषेची व लायब्रऱ्यांची नेमकी आवृत्ती नोंदविणे, आणि ज्या परिसरात ती गणना झाली तो चालू स्थितीत जतन करणे, ही जबाबदारी संशोधनसंस्थांवर येते. ग्रंथ व हस्तलिखिते जतन करण्याची व्यवस्था विद्यापीठांनी पूर्वीच उभारलेली आहे. आज्ञावल्यांसाठी तशी व्यवस्था अंगीकारली जाईपर्यंत, आधार संपल्याची प्रत्येक तारीख काही निष्कर्षांच्या पडताळणीचीही अखेरची तारीख ठरण्याचा धोका कायम राहतो.